बाराच्या ठोक्याला येणारे मासे

पांढरे कपडे घालून कोणी नदीवर आलं की भाऊ रामराम करण्याआधी त्याच्या हातात घोंगडी देत. "हे अंगावर घ्या. पांढरं दिसलं का मासे पयतेत." मे महिना, वैनगंगेच्या काठचा तापलेला खडक, आणि उभ्या उन्हात घोंगडी! बहुतेक लोक हसून टाळायचे. एकदा तर भाऊंनी आमच्या ओव्हरसियर साहेबांना डोक्यावरची पांढरी टोपी उतरवायला लावली. साहेबांनी ती उतरवली आणि मग दिवसभर ज्याच्या त्याच्यावर खेकसत फिरले, कारण आपण ती का उतरवली हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

भाऊंचं नाव हजेरीपत्रकावर होतं आणि ती हजेरी मीच घ्यायचो, पण त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सगळे भाऊच म्हणायचे. मी मूल गावचा, बावीस वर्षांचा, पुलाच्या कामावर टाइमकीपर म्हणून नुकताच लागलेलो. हजेरी घ्यायची आणि वेळेवर पटरी ठोकायची, एवढंच माझं काम. पटरी म्हणजे रुळाचा हातभर तुकडा. आधी जांभळाच्या झाडाला आणि नंतर लोखंडी खुंट्याला तो टांगलेला असायचा. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला मी त्यावर हातोडा मारायचो. पुढे जे घडलं त्यात तो हातोडा माझ्या हातात होता, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायला धीर होईल असं वाटत नाही.

तेव्हा चांदा जिल्हा एकच होता, गडचिरोली त्यातच. आम्ही नुकतेच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो, पण कचेरीतले शिक्के जुनेच चालले होते. मार्कंड्याच्या देवळापासून बऱ्याच वर, नदी जिथे काळ्या खडकावरून वळते, तिथे पूल व्हायचा होता. भाऊंचं काम नदीत रोवलेल्या रंगीत खांबावरची पाण्याची पातळी बघण्याचं. दिवसातून तीनदा बघायची आणि रजिस्टरात लिहायची. त्या रजिस्टरात शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना होता. जगातले सगळे सरकारी नोकर तो रकाना कोरा सोडतात. भाऊ तो भरून काढत.

'पातळी दोन बोटे उतरली. बूटवाले तिघे आले. मासे पलीकडे गेले, दुपारपर्यंत आले नाहीत.'

'धोबीण आली. मासे हलले नाहीत. तिला ओळखतात.'

साहेबांनी एकदा लाल शाईने खाली लिहिलं, 'हे सरकारी रजिस्टर आहे.' भाऊंनी त्याच्या खाली निळ्या शाईने लिहिलं, 'होय.'

बुटका, काटक माणूस. अंगात मातीच्या रंगाचा सदरा, पाय कायम अनवाणी. खडकावर चालताना टाच टेकवत नसत. तरुणपणी घुग्घुसला कोळशाच्या खाणीत काही वर्षं काढलेली, तेव्हापासून डावा कान गेलेला आणि उजवाही अर्धाच राहिलेला. म्हणूनच बहुधा त्यांना कानाशिवाय ऐकण्याचं वेड लागलं. एके दिवशी पाण्याने भरलेला लोटा त्यांनी खडकावर ठेवला आणि मला वीस पावलांवर जाऊन टाच आपटायला लावली. लोट्यातलं पाणी थरथरलं.

"पाह्यलं? मासा कानानं नाई आयकत गा, अंगानं आयकते. माह्यासारखा."

"भाऊ, मंग माशाले आपलं बोलनं आयकू येते का?"

"बोलनं नाई येत. चालनं येते. मानूस कसा हाये, ते त्याच्या चालन्यातच समजते."

हा मनुष्य पाण्याकडे पाहून कोण येऊन गेलं ते सांगायचा. मासे पलीकडच्या कपारीत असले तर बूटवाला. मधल्या वाळूवर असले तर गुरं. काठालगत असले तर बाया कपडे धुऊन गेलेल्या. मी दोनदा खोटं पाडायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तोंडावर पडलो.

वळणावर एक डोह होता. उन्हाळ्यात बाकी नदीची नुसती वाळू व्हायची, पण डोहाला तळ सापडत नसे, आणि त्यात महाशीर मासे होते. तळहाताएवढ्या खवल्यांचे, अंगावर तांब्याच्या परातीसारखी झाक. वाळूवर झोपड्या टाकून राहणारे ढिवर तिथे जाळं टाकत नसत. उन्हाळ्यात डोहातला मासा धरायचा नाही, पाणी आलं की तो आपणहून नदीभर होतो, हा त्यांचा रिवाज. त्यामुळे डोहात त्या माशांवर जाळं पडत नसे, पण माणसाची भीती होती. पाऊल वाजलं की डोह रिकामा दिसायचा.

ही भीती घालवायचं भाऊंनी मनावर घेतलं. शिवरात्रीला ते मार्कंड्याच्या जत्रेत गेले होते. तिथे घाटावर यात्रेकरू प्रसादाचे मुरमुरे पाण्यात टाकतात आणि मासे अगदी पायाशी येऊन खातात, ते पाहून आले. आल्या आल्या मला म्हणाले, "तिथचे मासे भेत नाई, मंग आपले काऊन भेतेत? आपन मानसं वाईट हाओत का?"

त्यांनी साहेबांच्या मागे लागून पटरी जांभळाच्या झाडावरून काढायला लावली आणि डोहाजवळच्या खडकात खुंटा ठोकून तिथे टांगून घेतली. पलीकडे वाळू उपसणाऱ्या बायांना झाडावरची पटरी वाऱ्यात ऐकू जात नाही, असं कारण सांगितलं. ते खरंही होतं. पण भाऊंना हवं होतं ते दुसरंच. तो खडक तसाच पुढे पाण्यात उतरलेला होता. मी वर ठोका मारला की तो खाली डोहाच्या अंगात शिरायचा.

मग रोज बाराला मी पटरी ठोकायचो आणि भाऊ खिशातून मूठभर मुरमुरे काढून पाण्यावर टाकायचे. आठ दिवस कोणी आलं नाही. मग एक आला. शेपटीचं एक टोक तुटलेला, भला मोठा. त्याचं नाव त्यांनी 'मुकादम' ठेवलं, कारण तो आला की बाकीचे कामावर आल्यासारखे मागून यायचे. महिनाभरात असं झालं की माझा हातोडा पहिल्यांदा पडायचा आणि डोहाच्या तळातून तांबूस सावल्या वर यायला लागायच्या. मी नोकरीत पुढे पुष्कळ बऱ्यावाईट गोष्टी पाहिल्या, पण माझ्या हाताच्या ठोक्याला एवढं सुंदर काही पुन्हा कधी आलं नाही. भाऊ तर गुडघाभर पाण्यात उभे राहत आणि मुकादम त्यांच्या पोटरीला घासून जात असे. 'आज मुकादमाने हातावरचे घेतले,' असा शेरा त्या दिवशीच्या पातळीपुढे आहे.

ढिवरांची एक म्हातारी रोज डोक्यावर टोपली घेऊन तिथून जायची. सगळे तिला बाई म्हणत. ती एक दिवस थांबली, बराच वेळ पाहत राहिली.

"भाऊ, हे बरं नाई करून राह्यले तुमी."

"काऊन बाई? तुमी तर पकडता, मी खाऊ घालतो."

"आमी पकडतो, म्हून तो आमाले भेते. भेते म्हून जगते. तुमी त्याचं भेव काढून घेऊन राह्यले. त्याले दुसरं काय देसान?"

भाऊ हसले. मीही हसलो. म्हातारी चिडली नाही, टोपली सावरून निघून गेली.

मेच्या मध्यावर सुरुंगाचं काम निघालं. पुलाच्या एका खांबाचा पाया डोहाच्या कडेच्या खडकात यायचा होता आणि तो खडक दोनदा उडवायचा होता. सुरुंग लावायला चांद्याहून एक उस्ताद आला. मोठा शांत, नमाजी माणूस. दोन बोटं नसलेल्या हाताने तो वात अशी कापायचा की बघत राहावं. साहेबांनी नियम ठरवला. बाराला मजूर जेवायला गेले की मी पटरी सारखी ठोकत राहायची, थांबायचं नाही. सगळी माणसं आडोशाला गेली की मग थांबायचं. पटरी थांबली की उस्तादने बत्ती द्यायची.

"मेरे कू कुछ दिखता नाई खड्ड्यातून," उस्ताद म्हणाला. "तुमची पटरी बंद झाली का मी समजतो, सब हट गये. बस."

मी भाऊंना काळजीने विचारलं, माशांचं काय? त्यांनी विचार आधीच करून ठेवला होता. पहारी घेऊन माणसं आठ दिवस पाळीपाळीने, बारालाही न थांबता, खडकाला भोकं पाडत होती, आणि त्या धडधडीने मासे पार पलीकडच्या कपारीत गेले होते. भाऊंनी ते रोज पाहून लिहिलं होतं. त्या गडबडीत आमचं मुरमुऱ्यांचं काम बंदच होतं. "ठोक्यायनं ते दूर गेले. तिथून काई होत नाई त्याइले," ते म्हणाले. आदल्या संध्याकाळचा शेरा असा आहे: 'उद्या सुरुंग. मासे लांब आहेत. काळजी नाही.'

दुसऱ्या दिवशी बाराला पहारी थांबल्या. नदीवर शांत झालं. आणि मी पटरी ठोकायला लागलो.

मी उंचावर होतो, मला डोह दिसत होता. दहाबारा ठोके झाले असतील, पलीकडच्या कपारीतून पहिली तांबूस सावली सुटली. मग दुसरी. मग एकदम पुष्कळ. सुरुंगाच्या खडकाखाली, जिथे भाऊ उभे राहत अगदी तिथे, ते येऊन थांबले आणि तोंडं वर करून वाट पाहू लागले. मी थिजलो. आणि थिजलो म्हणूनच हात थांबला. पटरी बंद झाली. खाली उस्तादने बत्ती दिली.

आडोशाला बसलेल्या भाऊंनीही ते पाहिलं. "आले ते! थांबवा! आले ते!" असं ओरडत ते उठले, दोघा मजुरांनी त्यांना कमरेला धरून खाली पाडलं. मग खडक उडाला.

ज्या माणसाला नदीतल्या प्रत्येक पावलाचा अर्थ कळत होता, तो स्वतः शिकवलेली एकच गोष्ट विसरला होता.

पाण्यावर पांढरी पोटं तरंगली. मजुरांनी टोपल्या भरल्या. त्या संध्याकाळी छावणीत प्रत्येक चुलीवर मासा होता. भाऊ नदीवरून उठलेच नाहीत. मी खाल्ला. खोटं कशाला बोलू? भूक होती आणि वास चांगला सुटला होता. खाऊन झाल्यावर ओकून टाकला, पण खाल्ला.

सकाळी भाऊ म्हणाले, "अर्धे राह्यले हायेत. मुकादम हाये." दुसरा सुरुंग दहा दिवसांनी होता, पहिल्याच्या दुप्पट आणि पाण्याला लागून.

मी साहेबांकडे गेलो. पटरी परत झाडावर न्यावी म्हटलं, झेंडा दाखवावा म्हटलं. साहेब वाईट माणूस नव्हते. "अहो, वाळूवर साठ बायका असतात," ते म्हणाले. "झाडावरची पटरी त्यांना ऐकू येत नाही, हे तुम्हीच लोकांनी मला सांगितलंत. आणि खाली वाकून पाटी भरणारी बाई झेंडा कुठे बघत बसेल? एखादीच्या डोक्यात दगड पडला तर? पटरी माणसांसाठी आहे, माशांसाठी नाही." त्यांचं बरोबर होतं.

तेव्हा भाऊंनी बांबू घेतला. रोज बाराला मी पटरी ठोकायची, मासे वर आले की भाऊंनी पाण्यात उतरून बांबू आपटायचा, दगड मारायचे. तीन महिने जे शिकवलं ते दहा दिवसांत पुसायचं होतं. पहिल्या दिवशी बांबू आपटला तर मासे जरा हटले आणि परत आले. त्यांना वाटलं असेल, हा काहीतरी नवा खाऊ. भाऊंच्या हातून दगड सुटत नव्हता. माझ्याकडे पाहून ओरडले, "पाहून काय राह्यला? वाजव!"

चौथ्या दिवशी त्यांनी पहिला दगड नेमका मारला. सहाव्या दिवशी मासे दुरूनच घुटमळू लागले. आठव्या दिवशी पटरी वाजली आणि डोह हलला नाही. नवव्या दिवशीही नाही. पण थोड्या वेळाने मुकादम मात्र यायचा. एकटा यायचा, बांबूच्या बाजूने वळसा घेऊन भाऊंच्या पोटरीपाशी उभा राहायचा. आणि तो आला की घटकाभराने बाकीचे त्याच्या मागे कपारीतून बाहेर पडू लागायचे. भाऊ पाण्यावर मारत, दगड आजूबाजूला टाकत, पण त्याच्या अंगावर त्यांचा हात उठत नव्हता.

"एकडाव त्यालेच मारा, भाऊ," मी म्हटलं.

"हातावर खाल्लं गा त्यानं माह्या," ते म्हणाले आणि काठावर बसून रडले. मोठ्या माणसाला असं रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मी दुसरीकडे बघत राहिलो.

दहाव्या दिवशी बारा वाजता मी हातोडा उचलला. बाया वाळूवरून निघाल्या, मजूर आडोशाला गेले, साहेब गेले. उस्ताद खड्ड्यात वाकून बसला. मी ठोकत होतो आणि डोहाकडे पाहत होतो. पाणी स्तब्ध. माझ्या मनात आलं, जमलं. तेवढ्यात मुकादम निघाला. त्याच्या मागे दोन, मग चार. आणि आडोशाच्या दगडामागून मातीच्या रंगाचा सदरा बाहेर पडला. हातात बांबू. भाऊ सरळ डोहात उतरले, गुडघाभर पाण्यात, सुरुंगाच्या खडकाच्या अगदी खाली.

उस्तादला ते दिसत नव्हते. मी हाक मारली तर पटरीच्या आवाजात ती ना उस्तादला गेली ना भाऊंना. पटरी थांबवून हाक मारावी, तर थांबलेली पटरी म्हणजेच बत्ती. भाऊ बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही, एवढंच मला सुचलं. पण माझा एकेक ठोका माशांना बोलावत होता. थांबलो तर माणूस जात होता, ठोकत राहिलो तर मासे येत होते.

मी ठोकत राहिलो. आडोशामागून साहेब हाताने 'बस, बस' म्हणून खुणा करत होते. त्यांनाही भाऊ दिसत नव्हते. हाताला फोड आले, फुटले. खाली भाऊ पाणी झोडपत होते आणि मुकादम बांबूला वळसा घेत त्यांच्याकडेच येत होता. तो पोटरीपाशी आला. मागचे सगळे त्याच्याभोवती जमायला लागले.

भाऊंनी बांबू दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि त्याच्या पाठीवर घातला.

पाणी लाल झालं. मुकादम उलटला, एकदा त्याचं पांढरं पोट दिसलं, आणि मग तो असा सुटला की पलीकडच्या कपारीपर्यंत पाण्यावर रेघ उमटली. त्याच्या मागे सगळे. क्षणात डोह रिकामा.

भाऊ जागचे हलेनात. हातातल्या बांबूकडे पाहत तसेच उभे. ते बाहेर येईपर्यंत मी पटरी ठोकली, ते दगडाआड जाईपर्यंत ठोकली, आणि मग हातोडा टाकून आडोशाला पळालो. मागे खडक उडाला.

या खेपेला गढूळ पाण्याशिवाय वर काही आलं नाही. टोपल्या घेऊन धावलेले मजूर हात हलवत परत आले. उस्तादने मला विचारलं, "आज इतना टाइम काऊन लावला?" मी हात दाखवला. त्याने आपल्या पंच्याची चिंधी फाडून त्यावर बांधली.

दुसऱ्या दिवशी बाराला मी नेहमीसारखी पटरी ठोकली. भाऊ डोहाच्या काठावर बसले होते. पाण्याकडे पाठ करून.

"आले का?" त्यांनी विचारलं.

मी पुष्कळ वेळ पाहिलं. म्हातारी ढिवरीणही टोपली खाली ठेवून माझ्या शेजारी उभी राहिली आणि पाहू लागली. पाणी नितळ झालं होतं, पलीकडच्या कपारीचा काळोखसुद्धा दिसत होता.

"नाई, भाऊ. कोनीच नाई आलं."

"मुकादम?"

"तोई नाई."

"बेस झालं," ते म्हणाले. म्हातारी खाली वाकली, भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि तशीच आपल्या वाटेने गेली. भाऊंनी रजिस्टर मांडीवर घेऊन पातळी लिहिली. शेऱ्याचा रकाना त्या दिवशी पहिल्यांदा कोरा राहिला.

मग त्यांनी सदऱ्याचा खिसा उलटा केला. तीन महिन्यांच्या सवयीने सकाळी भरलेला होता. सगळे मुरमुरे त्यांनी माझ्या चिंधी बांधलेल्या हातात ओतले.

"घे. खाऊन टाक."

पाण्याच्या ओलीने सादळलेले होते. मी सगळे खाल्ले.